आढ्याचं पाणी वळचणीला
पावसात, पायी, जुन्या पनवेलचे फोटो काढताना

१८३० च्या नोव्हेंबरात बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्या काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी होडीत बसत असे. खाडीतून पनवेलच्या बंदरावर उतरायचं, तिथं गाडी धरायची आणि पळस्पे, चौक, खोपोली करत घाट चढायचा. देशावरचा माल उलट वाटेनं खाली यायचा. गाड्यांची वर्दळ अशी की बैलगाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा नावाजलेला धंदा झाला. घाटावरचे गाडीवान परतताना इथली चाकं घेऊन जात. १८५२ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्याच्या आदल्या वर्षी, पनवेलला नगरपालिका आली. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि मुंबईचा प्रवासी कल्याण-कर्जतवरून सरळ पुण्याला जाऊ लागला. होडी मागं पडली, बंदर मागं पडलं. पेठ, वाडे, आळ्या आणि तळी मात्र जागच्या जागी राहिली.

एका कामासाठी गाव वाढावं, ते काम निघून जावं आणि गाव उरावं, ही गोष्ट सोन्याच्या खाणींच्या गावांत फार ठळक दिसते. कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स घ्या. १८८० च्या सुमाराला तिथं जॉन टेलर कंपनीनं काम हाती घेतलं, १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज आली, खाणी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. मागं राहिलेले बंगले, कामगारांच्या वस्त्या आणि खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर टिपायला आजही लोक जातात. सोन्यावर वाढलेलं शहर महाराष्ट्रात नाही. पण असं एखादं गाव पायी फिरून टिपायची ज्याला ओढ आहे, त्याला पनवेल पुरेसं आहे. फक्त त्यानं पावसात यावं.

पावसातच का, ते सांगते. कोकणातलं जुनं घर पावसासाठी बांधलेलं असतं. छपराचा उतार, कौलांची वीण, भिंतीपासून हातभर पुढं आलेली वळचण, कमरेएवढं दगडी जोतं, या प्रत्येकाचं कारण पाणी. मार्चमधल्या उन्हात या गोष्टी नुसत्या सुंदर दिसतात. त्या कशासाठी आहेत, हे समजतं जुलैत, पाणी त्यांच्यावरून वाहत असताना. आढ्याचं पाणी वळचणीला, ही म्हण आपण माणसांच्या व्यवहारासाठी वापरतो. मी ती शब्दशः घेते. आढ्याचं पाणी वळचणीला येतं, वळचणीचं जोत्याखाली, तिथून गटारात, तळ्यात, नदीत आणि शेवटी खाडीत. मी फोटो काढत चालते ती याच वाटेनं.

आधी दिवस निवडायचा. सगळा पाऊस एकसारखा नसतो. मृगाचा पाऊस ढगांच्या गडगडाटासह येतो, भिंती अजून कोरड्या असतात आणि धूळ नुकती बसलेली असते. जूनच्या एकवीस-बावीस तारखेला आर्द्रा लागतात, त्यानंतर पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. जुलैतले हे तीन-चार आठवडे माझ्या मते सगळ्यात चांगले. तोवर दगड पुरता भिजलेला असतो, जोत्यावर शेवाळ धरलेलं असतं, आणि कुठल्या घराची शाकारणी झाली व कुठल्या घराची राहिली, हे भिंतीवरच्या ओलीवरून वाचता येतं. मघा लागल्या की ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो; फोटो देखणे येतात, पण उजेड दर दोन मिनिटांनी बदलत असल्यामुळे घरांची शांतपणे नोंद करणं अवघड जातं. हवामान खात्यानं रेड अलर्ट दिला असेल त्या दिवशी घरीच बसावं. त्या पावसात छतापलीकडचं काही दिसतही नाही.

सामानाची यादी लहान आहे. एक कॅमेरा, एक लेन्स. पावसात लेन्स बदलायची नाही, म्हणून ती निघतानाच ठरवायची. अरुंद आळीत मला ३५ मिलिमीटर पुरते. फार तर २४. त्याहून रुंद लेन्स लावली की घरं मागं झुकतात आणि आळी असते त्याहून मोठी वाटते. लेन्सला हूड हवंच. पावसात ते कॅमेऱ्याचं छप्पर असतं. जाड, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्यायची, तिच्या बंद टोकाला हूडच्या मापाचं भोक पाडायचं, ते हूडवर चढवून रबरबँडनं घट्ट करायचं. पिशवीचं उघडं तोंड खाली राहतं, तिथून हात आत जातो. बाजारात महागडी आवरणं मिळतात, पण या पिशवीवर माझे बरेच पावसाळे निघाले. सोबत दोन पंचे. सुती पंचा पाणी जसं टिपतो तसं कुठलाच जाड टॉवेल टिपत नाही. काचेसाठी मात्र वेगळं मऊ कापड, तेही छोट्या बंद डबीत.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ओल्या पडद्याला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही, म्हणून फोटो आवाजाच्या बटणानं काढायचा. आणि फोन जलरोधक असल्याची खूण ही नव्या फोनच्या, गोड्या पाण्यातल्या चाचणीची असते. दोन वर्षं वापरलेला, एकदा पडलेला फोन त्या हमीवर पावसात धरू नये. त्यालाही पिशवी लागते.

एका चुकीपासून जपायचं आहे, आणि ती घरातून निघतानाच होते. जुलैत आपल्याकडची हवा एवढी दमट असते की २४-२५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही काचेवर तिच्यातलं बाष्प जमतं. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून काढलेला कॅमेरा बाहेर आला की लेन्स क्षणात धुरकट होते. पुसली की पुन्हा होते, आणि खरा धोका आतल्या काचांवर जमणाऱ्या बाष्पाचा असतो. उपाय सोपा आहे. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीत घालून ओटीवर ठेवायचा. तो हवेइतका कोमट झाला की पिशवी उघडायची.

मी पळस्प्याची. आमच्या फाट्यावर तीन रस्ते भेटतात: जुना मुंबई-पुणे रस्ता, कोकणात उतरणारा गोव्याचा महामार्ग आणि न्हावाशेव्याच्या बंदराकडून कंटेनर आणणारा रस्ता. बंदराचा माल आजही पळस्प्यावरूनच देशावर चढतो. होडी आणि बैलगाडीच्या जागी जहाज आणि ट्रेलर आले एवढंच. उघडीप असली की दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो, अंगठ्यासारखा उभा. गोव्याच्या रस्त्यावर थोडं पुढं शिरढोण, जिथं ४ नोव्हेंबर १८४५ ला क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके जन्मले. सकाळी सुळका ढगात गेलेला असला की मी निघायच्या तयारीला लागते. महामार्गाच्या कडेनं पायी चालत फोटो काढू नका, हे मात्र कळकळीनं सांगते. पावसात ट्रेलरचालकाला तुम्ही दिसत नाही आणि चाकांनी उडवलेल्या पाण्यात तुम्हालाही काही दिसत नाही. फाट्यावरून रिक्षानं पनवेल गाठावं आणि मग चालायला लागावं.

सुरुवात छपरापासून. आळीत शिरलं की पहिल्यांदा वर बघा. कौलं दोन जातींची दिसतील. एक जुनं, हातानं घडवलेलं नळीचं कौल, अर्धगोल, एकमेकांवर पालथं-उताणं रचलेलं. दुसरं सपाट, खाचेचं मंगळुरी कौल. मंगळुरात बाझल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तिथून ही कौलं जलमार्गानं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. ज्या घरावर मंगळुरी कौल आहे त्याचं निदान छप्पर तरी त्यानंतरचं, एवढं नुसत्या बघण्यातून कळतं. पावसात दोन्हींचं पाणी वेगळं पडतं. नळीच्या कौलाची प्रत्येक उताणी रांग म्हणजे एक पन्हळ. तिच्या तोंडातून एकच जाड धार येते. मंगळुरी कौलावरून पाणी खाचांतून विभागून, बारीक बारीक धारांनी उतरतं. फोटोत हा फरक यायला हवा असेल तर वळचणीच्या रेषेला समांतर उभं राहा, कॅमेरा आडवा न झुकवता सरळ धरा आणि मागं काहीतरी गडद येऊ द्या: उघडं दार, काळोखी पडवी, ओला काळा दगड. पाणी पारदर्शक असतं. मागं पांढरं आकाश किंवा चुन्याची भिंत असेल तर ते दिसतच नाही.

पागोळ्यांपाशी जरा थांबू या, कारण पावसातल्या फोटोचं सगळं गणित तिथं उघड्यावर मांडलेलं आहे. ढगातून येणारा मोठा थेंब जमिनीजवळ सेकंदाला साधारण ९ मीटर वेगानं पडत असतो. शटर एका सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं उघडं राहिलं तर तेवढ्यात तो १५ सेंटीमीटर खाली येतो, म्हणजे फोटोत तेवढ्या लांबीची रेघ उमटते. पंधराव्या भागाला तीच रेघ ६० सेंटीमीटरची होते, पण इतकी पुसट की नजरेला फक्त धुकं वाटतं. पाचशेव्या भागाला ती दोन सेंटीमीटरच्याही आत येते, आणि पाऊस पडतोय की काचेवर डाग आहेत तेच कळत नाही. म्हणून पाऊस पावसासारखा दिसावा यासाठी मी साठ ते सव्वाशेच्या दरम्यान राहते.

पागोळीचं पाणी मात्र कौलाच्या टोकापासून जवळजवळ शून्य वेगानं निघतं. वीतभर खाली त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास असतो, तीन मीटर खाली जोत्यापाशी तो सातच्या आसपास गेलेला असतो. सव्वाशेच्या शटरला एकाच फोटोत वर मणी आणि खाली दोरे दिसतात. वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत पाणी वेग घेताना दिसणारी ही गोष्ट मला दर पावसाळ्यात नव्यानं थक्क करते. फ्लॅश वापरू नका. जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन सगळ्या घरावर पसरतात.

पागोळी जिथं पडते तिथली जमीन बघा. वर्षानुवर्षं त्याच जागी पडणाऱ्या पाण्यानं दगडी लादीत सारख्या अंतरावर खळगे पडलेले असतात. त्या खळग्यांतलं अंतर वरच्या कौलांच्या अंतराशी जुळतं. छप्पर बदलून पत्रा आलेला असला तरी खाली खळगे तसेच असतात, आणि त्यावरून पूर्वीचं छप्पर कसं होतं हे सांगता येतं. अशा खळग्यांचा फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवावं, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो.

उजेडाचं बोलू. दाट ढगांखालचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या पडत नाहीत. घराची नोंद करायला हे फार सोयीचं, कारण उन्हात जी वळचणीखालची भिंत काळी दिसते तिचे सगळे तपशील आता उघडे असतात. आळीत मी आयएसओ ८०० ठेवते, ॲपर्चर एफ/५.६, आणि शटर सव्वाशेच्या मागंपुढं. कॅमेऱ्याचं मोजमाप दोन ठिकाणी फसतं. चौकटीत करडं आकाश जास्त आलं की तो घर काळं करतो. अशा वेळी कॅमेरा जरा खाली घेऊन आकाश कमी करायचं. उलट, चौकटभर ओला काळा दगड असला की कॅमेरा तो उजळून राखाडी करतो; तेव्हा एक्स्पोजर पाऊण पायरी उतरवायचं. ओला दगड गडद दिसतो तो डोळ्यांचा भास नाही. कोरड्या दगडाच्या सूक्ष्म खळग्यांतून उजेड परत विखुरतो. ते खळगे पाण्यानं भरले की उजेड आत शिरतो आणि कमी परततो. फोटोतही तो गडदच राहायला हवा.

रंगाच्या बाबतीत निळ्या ताडपत्रीपासून सावध. शाकारणी जमली नाही की छपरावर निळी ताडपत्री येते, आणि तिच्याखालून गाळून आलेला उजेड आख्खी पडवी निळी करतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स आपोआपवर न ठेवता ढगाळ या खुणेवर पक्का करावा. पडवी निळी आली तर येऊ दे. त्या घराला या वर्षी ताडपत्री लागली, ही माहिती त्या निळेपणात आहे. पोलरायझर फिल्टर लावला की ओल्या कौलांवरची आणि लाद्यांवरची चमक जाते आणि त्यांचा खरा लाल, खरा काळा वर येतो. पाण्यावर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो तो जमिनीशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना. पण तो दीड-दोन पायऱ्या उजेड खातो, म्हणून वळचणीखालच्या अंधारात काढून ठेवते.

पनवेलच्या जुन्या भागात लाइन आळी, मिरची गल्ली, कापड बाजार असं फिरत राहा. दुकानांच्या पाट्यांवर नजर अडकू देऊ नका. पहिल्या मजल्याकडे बघा. खाली शटर आणि काच आलेली असते, वर मात्र लाकडी गॅलरी, कठडा, नक्षीचे टेकू अजून असतात. पावसात लाकूड भिजून त्याचे रेशे दिसू लागतात, आणि जिथं जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा जोडलाय तिथं ओल वेगळ्या उंचीवर थांबलेली दिसते. चुन्याची भिंत पाणी घेते आणि सोडते. सिमेंटमागं ते कोंडून राहतं आणि गिलाव्याला फुगे येतात. घरदुरुस्ती करणाऱ्या माणसाला असा एक फोटो दाखवला तर त्याला लांबलचक समजावून सांगावं लागत नाही. फिरताना गावाचा इतिहासही लक्षात असू द्यावा: श्री धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधं १८७२ पासून याच गावातली. बंदराचा बहर ओसरू लागल्यावरही इथं नवे उद्योग उभे राहिले, याची ती साक्ष आहे.

पावसात रस्त्यावर माणसं कमी असतात, आणि जी असतात ती कामात. मासळीवाली, दूधवाला, शाळेची मुलं, छत्री दुरुस्त करणारा. बांबूचं आणि पानांचं इरलं आता क्वचित दिसतं, त्याच आकारात बांधलेलं प्लास्टिकचं मात्र डोंगराकडच्या वाड्यांतून बाजाराला येणाऱ्या बायांच्या डोक्यावर अजून दिसतं. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. विचारलं की बहुतेक वेळा हो येतं. मी एका वाड्याच्या वळचणीला उभी राहून समोरची गॅलरी टिपत होते, तेव्हा मागून दार उघडलं आणि आजी म्हणाल्या, “बाहेर का गं उभी? ओटीवर ये, इथून नीट दिसेल.” खरंच नीट दिसलं. ओटी आळीपेक्षा दोन हात उंच असते, तिथून समोरच्या घराचा पहिला मजला सरळ डोळ्यांसमोर येतो आणि भिंती झुकत नाहीत. मग त्यांनीच पूर कुठवर आला होता ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं. २६ जुलै २००५ चं पाणी. मी त्यांच्या हातासकट फोटो घेतला. चेहरा घेतला नाही, कारण त्यांनी नको म्हटलं. घराच्या वाटण्या, बिल्डरशी बोलणी, भाडेकरूंचे वाद अनेक वाड्यांत चालू असतात. अशा घराचा फोटो कुठं दाखवण्याआधी त्यांना दाखवावा.

आळ्यांचं पाणी तळ्यांत जातं. वडाळे, विश्राळे, देवाळे, कृष्णाळे अशी तळ्यांची नावं पनवेलकरांच्या तोंडी आहेत. वडाळे तलावाच्या काठी बल्लाळेश्वराचं देऊळ आहे. तळ्यावर पाऊस टिपायचा तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, म्हणजे काच कोरडी राहते. जोराच्या सरीत पाण्यावर प्रतिबिंब नसतं, पृष्ठभाग नुसता खरबरीत दिसतो. सर थांबल्यावर दोन-तीन मिनिटं वाट बघा. कडेचं पाणी आधी शांत होतं, मग मधलं, आणि देवळाचं प्रतिबिंब काठाकडून आत भरत जातं. त्या मधल्या अवस्थेतला, अर्धं प्रतिबिंब आणि अर्धे थेंब असा फोटो मला पुरत्या शांत पाण्यापेक्षा आवडतो. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. तिथं पाय आडवा टाकावा आणि कॅमेरा गळ्यात असू द्यावा, हातात नको.

शेवटचा टप्पा गाढी नदी आणि खाडी. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते. इथं पावसाइतकीच भरती महत्त्वाची. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडतो, आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. पण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारच्या भरतीला मोठा पाऊस आला की नदीचं पाणी खाडीत उतरू शकत नाही आणि मागं सरतं, एवढं या हिशोबावरून घरबसल्या कळतं. अशा वेळी मी नदीकाठी जात नाही. ओहोटीला जाते. तेव्हा कोळीवाड्याकडं ओढून ठेवलेल्या होड्या, चिखलातल्या खुंट्या आणि जुन्या बंदराचा काठ उघडा पडतो. चिखल आणि आकाश दोन्ही करडे असतात, त्यामुळे होडीचा रंग चौकटीत एकटाच बोलतो. इथलं पाणी खारं असतं. कॅमेऱ्यावर उडालं तर नुसतं कोरडं पुसू नये, आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या पंच्यानं पुसावं.

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे आणि औषध वेळेवर घेतलं तर उपयोगी पडतं.

घरी आल्यावरचं काम फोटो काढण्याइतकंच मोलाचं. बॅटरी आणि कार्ड काढायचं, सगळी झाकणं उघडी ठेवायची, बाहेरून पुसायचं आणि पंख्याखाली दोन-तीन तास ठेवायचं. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको. उष्णतेनं ओलावा आत ढकलला जातो. तांदळाच्या डब्यातही नको, कारण तांदळाची भुकटी फटींत बसते. मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत. जेल रंग बदलतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं असं समजावं आणि मंद आचेवर परतून पुन्हा वापरावं. डब्यात आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवलं तर उत्तम. काटा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. माझी पहिली चांगली लेन्स मी एक पावसाळाभर कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवली होती. गणपतीत बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती साफ झाली, पण काचेवरचा लेप तिनं खाल्ला होता आणि त्या लेन्सचे फोटो कायमचे फिके झाले.

त्याच रात्री, आठवण ताजी असताना, प्रत्येक फोटोला चार गोष्टी लिहाव्यात: आळीचं नाव, घर कुठल्या दिशेला तोंड करून आहे, तारीख आणि वेळ, आणि पाऊस कसा होता. घरच्यांनी काही सांगितलं असेल तर तेही, त्यांच्याच शब्दांत. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच लेन्सनं, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो घ्यावा. मी उभं राहायच्या जागेचाही एक फोटो मोबाइलवर काढून ठेवते, म्हणजे पायाखालची लादी ओळखता येते. अशा जोड्या शेजारी ठेवल्या की कुठलं कौल गेलं, कुठं पत्रा आला, कुठल्या खांबाला टेकू लागला हे दिसतं. माझ्याकडच्या काही जोड्यांत दुसऱ्या फोटोत घरच नाही, फक्त हिरवं कापड लावलेली बांधकामाची परांची आहे.

पनवेलची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, भोवती नवी शहरं आणि विमानतळ उभे राहिले, आणि जुन्या गावातली जागा फार महाग झाली. ज्यांची घरं आहेत त्यांनी ती राखावीत की पाडावीत हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. पण पाडण्याआधी एका पावसाळ्याची नोंद करून ठेवायला काही खर्च येत नाही. तुमच्या घरात, आजोळी किंवा शेजारी एखादं कौलारू घर अजून उभं असेल, तर येत्या आर्द्रांत पाऊस चालू असताना त्याचे तीन फोटो काढा: एक छपराचा, एक पागोळीचा, एक जोत्याचा. छापून घ्या, मागं पेन्सिलीनं तारीख लिहा आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या कागदपत्रांत ठेवा.